सुरतेहून आखाजीला आणलेल्या दोन बहिणी: जबरदस्तीचं लग्न कसं थांबवायचं?

प्रश्न जळगाव जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांची बहीण आणि मेहुणे वीसेक वर्षांपासून सुरतेला लिंबायत भागात राहतात, मेहुणे लूमच्या कारखान्यात आहेत. आजी आजारी आहे असं सांगून दोन्ही मुलींना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गावी आणलं. मोठी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. धाकटी सोळा वर्षांची. गावी आल्यावर कळलं की मोठीची सुपारी फुटली आहे, आणि खर्च वाचावा म्हणून धाकटीचंही त्याच मांडवात उरकायचं घाटतंय. दोघींचे मोबाइल काढून घेतलेत. मोठीने चुलतभावाच्या फोनवरून मावशीला कळवलं. मावशी विचारतात: कोणाला फोन करू? पोलीस येऊन नुसती समजूत घालून गेले तर मुलींचं काय होईल? मी त्यांना माझ्या घरी ठेवू शकते का?

ताई, मी बरीच वर्षं खान्देशात महिला आणि मुलांसाठीच्या समुपदेशनाचं काम करते आहे. तुमच्यासारख्या प्रश्नाशी उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत दरवर्षी गाठ पडते. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते: मुलींशी एकांतात बोलणं होईपर्यंत आणि त्या सुरक्षित ठिकाणी पोचेपर्यंत कोणीही आईबापांची समजूत घालायला जाऊ नये. तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी नाही, पोलीस पाटलांनी नाही, आणि आम्ही समुपदेशकांनीही नाही. मुलगी बाहेर बोलली हे घरात कळलं की लग्नाची तारीख आठ दिवसांनी अलीकडे येते, नाहीतर मुलगी रातोरात दुसऱ्या गावी पोचते. सुरतेच्या कुटुंबांकडे त्यासाठी दोन राज्यं आहेत. इथे हालचाल दिसली की तापी लाइनची गाडी पकडायची, उधन्याला उतरायचं आणि तिथल्या एखाद्या देवळात दोन तासांत उरकून टाकायचं.

आपल्याकडे मात्र कोणत्याही खात्याचा पहिला हात समजुतीकडेच जातो. 'घरातली बाब आहे, बसून बोलू.' मग बैठक बसते. एका बैठकीत मी स्वतः होते. ओसरीवर सतरंजी, वडील, दोन काका, सरपंच, एक हवालदार. मुलीला आतून बोलावलं. ती आईला खेटून बसली आणि पायाच्या अंगठ्याने फरशीची फट कुरतडत राहिली. हवालदारांनी विचारलं, बाई, तुझी मर्जी आहे का? ती खाली बघून म्हणाली, 'मनी मर्जी शे.' सगळ्यांना हायसं वाटलं. मी पाणी मागितलं आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. माठाजवळ तिने माझा दंड धरला आणि ओठ न हलवता म्हणाली, 'माले नही करनं.' ही दोन वाक्यं एकाच मुलीची, पाच मिनिटांच्या अंतराने बोललेली. बाहेरच्या कागदावर पहिलं लिहून सही झाली असती, तर सरकारदरबारी ती राजीखुशीने लग्न करणारी मुलगी ठरली असती.

म्हणून तुमच्या भाचीने सर्वांसमोर 'हो' म्हटलं तरी तुम्ही डगमगू नका. ठरवून केलेलं लग्न आणि जबरदस्तीचं लग्न यांतला फरक पाहायचा असेल तर मी एकच विचारते: ती 'नाही' म्हणाली तर काय होईल? स्थळ मोडेल, आई दोन दिवस रुसेल, मामा टोमणे मारतील, एवढंच असेल तर ते ठरवून केलेलं लग्न आहे. मारहाण होईल, कॉलेज बंद होईल, बाप दोर घेऊन झाडाकडे निघेल, मोबाइल काढून घेतला जाईल, तर तिच्या 'हो'ला काही किंमत नाही. तुमच्या घरात मोबाइल तर आधीच गेलेत.

आता धाकटीचं आधी बघू, कारण तिच्यासाठी कायदा जास्त धारदार आहे. ती अठराच्या आत आहे, त्यामुळे तिची मर्जी आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ प्रमाणे असं लग्न लावणारे, ठरवणारे, भटजी, हजर राहून साथ देणारे, सगळे दोषी ठरतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तुमच्या बहिणीची काळजी तुमच्या शब्दाशब्दांत दिसते, म्हणून सांगते: या कायद्यात बाईला कैदेची शिक्षा देता येत नाही.

याच कायद्यात आपल्या आखाजीची दखल आहे. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी एकगठ्ठा बालविवाह लागतात म्हणून त्या दिवसांपुरते जिल्हाधिकारी हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मानले जातात, असं कलम १३ मध्ये लिहिलेलं आहे. ज्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर बसतात, त्याच मुहूर्ताला किती पोरी शाळेतून उठून सासरी जातात हे खान्देशात कोणाला वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. धुळे जिल्ह्यात ते प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होतं.

फोन १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला करा. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगा, ते ठेवतात. पण नुसतं 'अमुक गावात बालविवाह आहे' सांगून उपयोग होत नाही. मुलीचं नाव, वय, ती कोणत्या शाळेत होती, घर नेमकं कुठे (मारुतीच्या देवळामागे, डेअरीच्या शेजारी अशा खुणेसह), मांडव दारात की मंगल कार्यालयात, मुलाचं गाव, हळद कोणत्या दिवशी. हे कागदावर लिहून मग फोन लावा. फोनसोबत लेखी अर्जही द्या. आपल्याकडे गावपातळीवर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या मदतीला. माणसं चांगली असतात, पण त्याच गावात बसतात-उठतात, पत्रिका त्यांच्याही घरी आलेली असते. म्हणून त्यांच्या एकट्याच्या हाती अर्ज देऊन स्वस्थ बसू नका. तोच अर्ज त्याच दिवशी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि मुहूर्त आखाजीचाच असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातही द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. पोच असलेला अर्ज सहसा टेबलावरून हरवत नाही.

वयाचा पुरावा हा सुरतेच्या मुलींच्या बाबतीत हमखास अडकणारा मुद्दा आहे. मुलगी जन्मली सुरतेच्या दवाखान्यात, शिकली तिथल्या महापालिकेच्या मराठी शाळेत, आणि लग्न लागतंय अमळनेर नाहीतर शिंदखेडा तालुक्यात. लग्न थांबवायला आलेलं पथक दारात उभं राहतं तेव्हा बाप आधार कार्ड पुढे करतो आणि त्यावर जन्मसाल दोन वर्षांनी आधीचं करून आणलेलं असतं. पथकाकडे दुसरं काही नसलं तर ते परत फिरतं. बाल न्याय कायद्यात वय ठरवायचा क्रम दिलेला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार त्या यादीत नाही. म्हणून आजच सुरतेत तुमच्या ओळखीचं कोणी असेल त्यांच्याकडून धाकटीच्या शाळेचा दाखला, गुणपत्रिका, निदान जनरल रजिस्टरच्या नोंदीचा फोटो मिळवा. तो एक फोटो पथकाच्या हातात असला की दारातला वाद पाच मिनिटांत संपतो.

लग्न थांबलं की पुढे काय होतं ते समजून घ्या, कारण खरी गळती तिथेच आहे. बहुतेक ठिकाणी आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतात: मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही. सह्या होतात, फोटो निघतो, फाइल बंद. आणि महिन्याभराने मुलगी सुरतेत सासरी नांदत असते. हमीपत्राला माझा विरोध नाही, पण त्यावर काम संपलं असं धरणं मला मान्य नाही. कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो. अर्ज प्रतिबंधक अधिकारी करू शकतो, संस्था करू शकते आणि ज्याला माहिती आहे असा कोणीही करू शकतो, म्हणजे तुम्हीसुद्धा. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देताही अंतरिम हुकूम मिळू शकतो. असा हुकूम असताना लग्न लावलं तर कलम १४ प्रमाणे ते मुळातच रद्द असतं, आणि हुकूम मोडणाऱ्याला वेगळी शिक्षा. हमीपत्र गावाच्या वेशीपर्यंत चालतं, हुकूम नवापूरच्या पलीकडेही चालतो. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. त्या फलाटावरून चार पावलं टाकली की हद्द संपली, असं म्हणायची सोय या हुकुमामुळे उरत नाही.

धाकटीला परस्पर तुमच्या घरी आणून लपवू नका. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी बापाने अपहरणाची तक्रार दिली तर तुम्ही आरोपी होता आणि मुलगी पुन्हा त्याच घरात जाते. लग्नाचा धोका असलेलं मूल बाल न्याय कायद्यात 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' या व्याख्येत बसतं. तिला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करतात. तिथे तुम्ही लेखी सांगा की मी मावशी आहे आणि सांभाळायला तयार आहे. चौकशी करून समिती तिला 'योग्य व्यक्ती' म्हणून तुमच्या ताब्यात देऊ शकते. मग ती तुमच्या घरी कायद्याने राहते आणि दारात आलेल्या मेहुण्यांना दाखवायला तुमच्याकडे कागद असतो.

आता मोठी. इथे वाट वेगळी आहे आणि आपल्या खात्यांना ती कमी माहीत आहे. 'मुलगी सज्ञान आहे, आम्ही काय करणार' हे वाक्य तुम्हाला ठाण्यात ऐकायला मिळेल. खरं तर ती सज्ञान आहे म्हणूनच तिला कोणाच्याही ताब्यात देता येत नाही, बापाच्याही नाही. आपला जोडीदार आपण निवडायचा हा सज्ञान व्यक्तीचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट केलं. त्याच निकालात जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा उभारायला सांगितलं.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा म्हणजे नवऱ्याविरुद्धचा कायदा, अशी आपल्याकडे घट्ट समजूत आहे. तो माहेरच्या मुलीलाही तितकाच लागू आहे. त्या कायद्याच्या नियमांसोबत जो घटना-अहवालाचा नमुना आहे, त्यात भावनिक छळाच्या प्रकारांत चक्क छापलेलं आहे: लग्न करायची इच्छा नसताना लग्नाची जबरदस्ती करणं, आणि ठरावीक व्यक्तीशीच लग्न करायची जबरदस्ती करणं. संरक्षण अधिकाऱ्याने फक्त त्या रकान्यात खूण करायची असते. अधिकाऱ्यासमोर हा नमुना उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं की 'हे आमच्याकडे येत नाही' हा विषय बहुतेक वेळा मिटतो. न्यायाधीश संरक्षण आदेश देऊ शकतात, तातडी असेल तर एकतर्फीही, आणि तो मोडणं हा गुन्हा आहे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आदेश बायकांविरुद्धही मिळतो. म्हणजे जबरदस्ती आजीकडून होत असेल तर आजीविरुद्धही. आणि अर्ज कुठे करायचा? मुलगी सध्या तात्पुरती जिथे राहते तिथेही करता येतो. ती तुमच्याकडे येऊन राहिली तर तुमच्या तालुक्याच्या कोर्टात. सुरतेला जायची गरज नाही.

गुन्हा नोंदवायची वेळ आली तरी हद्दीचं कारण चालत नाही. हद्द कोणतीही असो, तक्रार शून्य क्रमांकाने नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, असं नव्या फौजदारी संहितेत आता लिहिलेलंच आहे. मनाविरुद्ध लग्न लावण्यासाठी बाईला बळाने किंवा फसवून नेणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८७ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण हे हत्यार मी शेवटी काढते. बहुतेक मुलींना लग्न नको असतं, बाप तुरुंगात नको असतो, आणि फौजदारीची भाषा पहिल्याच दिवशी सुरू झाली की त्या तक्रार मागे घेऊन घरी परततात.

जी मुलं पोटापाण्यासाठी गेलेल्या आईबापांबरोबर परमुलखात वाढतात, त्यांच्या बाबतीत हे सगळीकडे घडतं. ब्रिटनमध्ये आपल्या उपखंडातून गेलेल्या कुटुंबांत हाच क्रम दिसला: शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, आजी आजारी असल्याचा निरोप, विमानाचं तिकीट, आणि तिकडे पोचल्यावर साखरपुडा. त्यांनी २००५ मध्ये गृह आणि परराष्ट्र खात्याचा मिळून स्वतंत्र कक्ष काढला, २००८ पासून न्यायालयाचे संरक्षण आदेश सुरू केले आणि २०१४ मध्ये जबरदस्तीचं लग्न हा स्वतंत्र गुन्हा केला. कर्मा निर्वाणा नावाची तिथली संस्था मुलींना सांगत असे की विमानतळावर आतल्या कपड्यात चमचा ठेव. तपासणीच्या दारात घंटा वाजेल, तुला बाजूला नेतील, आणि तिथे तू अधिकाऱ्याशी एकटी असशील. तिथल्या शिक्षकांना, परिचारिकांना, पोलिसांना एक शिकवण देतात, ती मी आपल्या इथल्या सेविकांना नेहमी सांगते: ही मुलगी तुमच्याशी एकटीने बोलायची ही कदाचित एकमेव वेळ असेल. 'उद्या ये, साहेब नाहीत' असं म्हणायला तिच्याकडे उद्या नसतो.

आपल्या गाडीला असं दार नाही. पण माणसं आहेत. मुलींना परत सुरतेला नेताहेत असं कळलं तर रेल्वेच्या १३९ वर गाडी, डबा आणि मुलींचं वर्णन सांगा, धाकटीसाठी १०९८ सुद्धा. सुरतेत पोचल्याच असतील तर गुजरातची महिलांसाठीची १८१ अभयम सेवा आहे. फोन केला की समुपदेशक गाडी घेऊन येते, आणि हे काम ते चांगलं करतात. एक फरक लक्षात ठेवा: तिकडे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी गावातला ग्रामसेवक नसतो, जिल्हा समाज सुरक्षा अधिकाऱ्याकडे ते काम असतं. इकडच्या हुकुमाची प्रत तिकडे त्यांच्या नावे पाठवायची.

तुमच्या प्रकरणात मी असं करेन. पथक धाकटीच्या नावाने घरी जाईल, कारण त्यासाठी कोणाची तक्रार हे सांगावं लागत नाही, निनावी फोन पुरतो. पथकासोबत महिला पोलीस असतात. त्याच वेळी मोठीला बाहेर पडायची संधी असते. पण हे तिला आधी ठाऊक हवं, नाहीतर ऐन वेळी ती घाबरून आत जाते. त्या चुलतभावाच्या फोनवर लांबलचक मेसेज पाठवू नका, आलेले पुसायला सांगा, आणि त्यातला एकही मेसेज पुरावा म्हणून तिच्या घरच्यांना कोणी दाखवू नये. पोराचं घरात जगणं मुश्कील होईल. त्यापेक्षा साधं वाक्य ठरवा. सध्या घरोघरी पापडांचे दिवस आहेत. तिने 'मावशी, पापड व्हयनात का?' असं विचारलं की ती तयार आहे. तुम्ही 'उद्या ऊन पाहून घालू' म्हटलंत की पथक उद्या येणार आहे. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई विश्वासाच्या असतील तर निरोप त्यांच्याकरवी जाऊ शकतो, पण कोणाच्या नात्यातल्या आहेत ते आधी विचारून घ्या.

मोठीने बरोबर काय घ्यायचं? आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेजचं ओळखपत्र, नेहमीची औषधं, अंगावरचे कपडे. कागद मिळत नसतील तर फोटो, तेही नसेल तर तसंच निघायचं, नक्कल काढता येते. दागिना एकही घ्यायचा नाही, कानातलंसुद्धा काढून ठेवायचं. लग्नाच्या घरात सोनं असतंच, आणि मुलगी निघून गेली की दुसऱ्या दिवशी चोरीची तक्रार होते. मग ठाण्यात तिचं ऐकायच्या ऐवजी तिची झडती सुरू होते.

ती बाहेर पडल्यावर त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात तिच्या हाताने अर्ज द्यायचा: मी सज्ञान आहे, स्वखुशीने अमुक ठिकाणी राहते, मला बेपत्ता समजू नये. तोच अर्ज सुरतेला त्यांच्या घराच्या हद्दीतल्या ठाण्यात टपालाने आणि ई-मेलने. बाप तिकडे हरवल्याची तक्रार देतोच, आणि मग गुजरात पोलीस इकडे येतात. त्यांना तो अर्ज दाखवायचा. जबाब घ्यायचाच असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर घ्या असा आग्रह धरायचा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच तरी तिथे सज्ञान मुलीला एकच विचारतात, तुला कुठे राहायचं आहे? आपल्या खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ लागतं. वकिलाच्या फीची चिंता करू नका: विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १५१०० वर विचारा.

मोठीच्या राहायची सोय तुमच्या घरी करा, पण पहिले काही दिवस नको. सगळे आधी तिथेच येणार. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलीस, वकील एका छताखाली. पुढे गरज लागली तर शक्ती सदन हा महिलांसाठीचा सरकारी निवारा. अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष असतात. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांसोबत सुरू केलेलं हे काम आहे. तिथली माणसं समाजकार्यकर्ते असतात, पोलीस नव्हेत. बोलायला तिथून सुरुवात केली तर मुलीला कमी धास्ती वाटते.

नंतरचे दोन-तीन आठवडे सगळ्यात कठीण जातात, आणि तेव्हाच खात्यांचं लक्ष उडालेलं असतं. 'आईने विष घेतलं', 'बापाला अटॅक आला, सिव्हिलला आहे', 'एकदा तोंड दाखवून जा, काही करणार नाही'. यातलं काही खरंही असू शकतं, म्हणून मुलीला 'दुर्लक्ष कर' म्हणू नये. समुपदेशकाने स्वतः दवाखान्यात फोन करून खातरजमा करायची. भेट घ्यायचीच असेल तर ती कक्षात, आमच्यासमोर, मुलीने ठरवलेल्या वेळी. घरी नाही. मोबाइलचं लोकेशन आणि जुनी सगळी खाती बंद करा, पासवर्ड भावाला माहीत असतात.

तुमच्या बहिणीला आणि मेहुण्यांना मी वाईट माणसं समजत नाही. लिंबायत-उधना-पांडेसऱ्याच्या एका खोलीत संसार, बाप दोन पाळ्या करतो, आई साड्यांचं काम घरी आणून करते, मुली दिवसभर एकट्या. काही झालं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, ही भीती रोज उशाशी असते. गावाशी आणि भावकीशी उरलेला एकच दोर म्हणजे मुलींची लग्नं. मुलगी जास्त शिकली की जास्त शिकलेला मुलगा पाहावा लागतो आणि हुंड्याचा आकडा चढतो, हा हिशोब त्यांनी सतरा घरी पाहिलेला असतो. नंदुरबारच्या सातपुड्यातून बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांत तर हिशोब आणखी उघडा आहे: मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे जोडपं. पोराचं लग्न केलं की घरात एक कोयता वाढतो, आणि सून चौदाची की अठराची हे उचलीच्या कागदावर कोणी विचारत नाही. तिथे काम करणाऱ्याने मुकादमाला आणि कारखान्याला प्रश्न विचारला नाही, तर नुसत्या आईबापांना बोलून काही हलत नाही.

हे सगळं समजून घेऊन आईबापांशी बोलायचंच आहे. मुली बाहेर सुरक्षित बसल्यावर तीच बोलणी वेगळी होतात. बापाला तेव्हा पहिल्यांदा ऐकावं लागतं. मी पाहिलेले बरेच बाप काही महिन्यांत मवाळ झाले आहेत, दिवाळीला कपडे घेऊन आले आहेत. काही कधीच आले नाहीत, हेही मुलींना आधी सांगायला हवं.

समजा पोचायच्या आत लग्न लागलंच. धाकटीचं लग्न ती वीस वर्षांची होईपर्यंत कधीही रद्द करून मागता येतं, आत्ता करायचं तर पालक किंवा वादमित्राने (तिच्या वतीने कोर्टात उभं राहणाऱ्या माणसाने) प्रतिबंधक अधिकाऱ्यासोबत. विकून किंवा पळवून लावलेलं असेल तर ते मुळातच रद्द. २०१७ पासून अठराखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कारच आहे, ते नवऱ्याकडच्यांनाही ठाऊक असलेलं बरं. मोठीसाठी हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ आहे: संमती बळाने किंवा फसवून घेतली असेल तर लग्न रद्द होतं. मात्र जबरदस्ती संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज लागतो, आणि त्यानंतर राजीखुशीने नांदली असं दिसलं तर तो टिकत नाही. सुटल्यावर 'थोडे दिवस बघू' म्हणत ते वर्ष घालवू नका.

शिक्षणाचं मनात ठेवा. मोठी सुरतेच्या विद्यापीठात असेल तर तिथून स्थलांतर प्रमाणपत्र काढून जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या कॉलेजात प्रवेश घेता येतो. जून-जुलैच्या आत अर्ज गेला पाहिजे. धाकटीच्या प्रवेशाबद्दल बाल कल्याण समितीच्या आदेशातच लिहून घ्या, म्हणजे दाखला अडवता येणार नाही.

आज करायचं ते एवढं: धाकटीच्या शाळेची नोंद मिळवा, अर्ज लिहा, १०९८ ला फोन करा, आणि मेहुण्यांशी नेहमीसारखंच बोला. लग्नाला काय आहेर आणू असं विचारलंत तरी चालेल. त्यांना संशय यायला नको.